मागच्याचं थोडं पुढच्याच्या पिठात

दया,

तू गेलीस म्हणून तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला तुझ्याबद्दल दोन पानं लिहायला सांगितली आहेत. जन्म, शिक्षण, संसार, मंडळीतली सेवा, असं क्रमानं लिहा म्हणाले. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं आणि घरी येऊन बसले तेव्हा लक्षात आलं की तुझी जन्मतारीख मला माहीत नाही. ती तुलाही माहीत नव्हती. शाळेत घालताना गुरुजींनी जून महिन्यातली एक टाकून दिली, तीच धरून तू म्हातारी झालीस. तेव्हा ते क्रमाचं काम मी तुझ्या प्रीतीकडे सोपवलं. ती पोटची पोर आहे, नीट लिहील. मला तुझ्याबद्दल सांगता येत नाही, तुझ्याशी भांडता येतं. आणि आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय.

तुला मातीत ठेवून आल्यावर माझी पिठाची गिरणी बंदच होती. मग लोकांच्या घरचं पीठ संपायला लागलं. पीठ काही कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही, म्हणून सुरू केली. वजनकाट्याशेजारच्या बाकावर तुझ्या जागी कोणी बसेना. जागा रिकामी आणि बाया आपल्या उभ्या. शेवटी मीच ओरडले, "बसा की गं, ती काय उठवाया येनार हाय का?" आणि आत जाऊन पट्ट्याच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. आता बसतात.

तू टेंभुर्णीत आलीस ती तुझ्या मालकांच्या बदलीमुळं. ते जनावरांच्या दवाखान्यात होते आणि तुम्हाला घर मिळालं ते माझ्या गिरणीच्या भिंतीला भिंत लावून. ख्रिस्ती कुटुंब येतंय असं ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई गाऊन घालून फाडफाड इंग्रजी बोलत येईल. तू आलीस काठाची साडी नेसून, डोक्यावर ज्वारीची पिशवी घेऊन, आणि पहिलंच वाक्य बोललीस, "ताई, जरा बारीक टाका. मागच्या येळी भाकर थापता थापता फाटून राह्यल्ती." मागच्या वेळी तू दळलं होतंस ते दुसऱ्या गावच्या गिरणीत. तरी बोलणं खाल्लं मी. आपली गाठ तिथंच पडली.

पिशवी काट्यावर ठेवायच्या आधी तू त्यातली एक मूठ ज्वारी काढून पदरात घेतलीस. मला वाटलं, माझ्या काट्यावर विश्वास नाही हिचा. विचारलं तर म्हणालीस, देवाची मूठ. तुझ्या आईनं लावलेली सवय. दाणा दळायच्या, शिजवायच्या आधी एक मूठ बाजूला काढायची आणि साठली की जालन्याला चर्चमध्ये नेऊन द्यायची.

"मंग पदरात कशापायी? घरी डबा न्हाई का?"

"डबा हाय. पन घरात उंदरं लई झालेत. देवाचं उंदरंच खाऊन राह्यले."

म्हणून तो डबा माझ्याकडे आला. घट्ट झाकणाचा, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. मी म्हटलं, "तुमचा देव आता माझ्याकडं भाडेकरू का?" तू म्हणालीस, "कटकट्या न्हाई. ऱ्हाऊ दे." तेव्हापासून तो मापाच्या फळीखाली आहे. मूठ टाकताना तू काहीतरी पुटपुटायचीस. बरेच दिवस मला वाटायचं, मंत्र असेल. एकदा कान देऊन ऐकलं तर नुसती नावं. प्रीती, मालक, गल्लीतली बाळंतीण, कोणाची तरी आजारी सासू.

"नुसती नावं? बाकीचं कोन सांगनार देवाला?"

"बाकीचं त्याला ठावं हाय."

एवढं स्वस्तातलं देवाचं काम मी पहिल्यांदाच पाहिलं. आमच्याकडे सत्यनारायणाला गुरुजी जेवढा वेळ घेतात तेवढ्यात तुझी सगळी गल्ली आटोपायची.

डबा जालन्याला जायचा थांबला तो एका बाईमुळं. तिचं नाव मी आजही लिहिणार नाही, तुझी शिकवण आहे. खाऊनपिऊन सुखी म्हणून मानलं जाणारं घर. ती घडी घातलेली रिकामी पिशवी काखेत घेऊन आली आणि नंबरला बसावं तशी बसली. दळण काही आणलेलं नव्हतं. घरी बसवेना म्हणून आली असावी. मी काट्यावर होते, माझ्या ध्यानात नाही आलं. तुझ्या आलं. तू उठून डबा काढलास, माझ्याकडं न बघता सगळा गिरणीच्या तोंडात ओतलास, पीठ झालं ते तिच्या पिशवीत भरलंस आणि चार बायांदेखत खणखणीत आवाजात म्हणालीस, "बाई, तुमचं दळण झालं. मगापासून तयार हाय, घेऊन जा." ती बाई उठली. मग पिशवी उचलून गेली. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी दळणावळीचं अवाक्षर काढलं नाही, याचं श्रेय मलाही दे जरा.

मग ती आपली रीतच झाली. आणायचं कोणी काही नाही, बसायचं, आणि थोड्या वेळानं "तुमचं दळण झालं" ऐकून उठायचं. कोणी दिलं नाही, कोणी घेतलं नाही. पुढं पुढं बायांना सुगावा लागलाच. पण त्यांनी तोंड उघडलं नाही, उलट आपल्या दळणातली मूठ डब्यात टाकायला लागल्या. पाटलांची सून टाकायची, बुद्धवाड्यातल्या शिक्षिकाबाई टाकायच्या, नसीमची अम्मी तर ओंजळ टाकायची. प्रत्येकीचं धान्य निराळं. ज्वारी, गहू, बाजरी, सगळं एकात एक. एकदा मी ते तसंच दळलं आणि नंबरला बसलेल्या एका चौकस म्हातारीनं पिशवीत बोट घालून विचारलं, "हे कसलं पीठ गं? ज्वारीत गहू कसा आला?" तू तांदूळ निवडत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "आजी, गिरनी हाय. मागच्याचं थोडं पुढच्याच्या पिठात येतंच."

म्हातारीला पटलं. पटण्यासारखंच होतं. ज्यानं जन्मभर गिरणीत दळलंय त्याला हे कोणी सांगावं लागत नाही. मला मात्र तुझं ते वाक्य पुढं अनेकदा आठवलं.

आमच्या यांना जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं ते तुला आठवत असेलच. ट्रॅक्टरवरून पडले, कमरेचं हाड मोडलं, शुद्ध येईना. माझी माणसं येऊन भेटून, हळहळून परत गेली. तू आलीस ती भाकरी आणि ठेचा बांधून, आणि राहिलीसच. त्या व्हरांड्यात माझ्याशेजारी बसून तू एकदाच विचारलंस, "सुमन, प्रार्थना करू का?"

मी म्हटलं, "नको."

का म्हटलं ते तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. त्यात तुझ्या देवाचा राग नव्हता. मला वाटलं, आता ही हात धरून प्रार्थना करणार, उद्या हे उठून बसणार आणि मग माझ्या नवऱ्याच्या जिवासाठी हिच्या देवाच्या उपकाराचं ओझं मला जन्मभर वागवावं लागणार. मी हिशेबी बाई. काट्यावर बसून बसून तशी झाले.

तू "बरं" म्हणालीस. तोंड वाकडं केलं नाहीस, उठून गेली नाहीस. यांचे कपडे धुतलेस, मला झोपायला लावून स्वतः जागलीस, नर्सशी भांडून चादर बदलून घेतलीस. हे शुद्धीवर आल्यावर यांना घरी आणलं त्या टेंपोतही तू होतीस. आणि ते वाक्य मात्र तू पुन्हा कधी उच्चारलं नाहीस. इतकी वर्षं. मी वाट बघत होते गं. पहिल्यांदा नको म्हटलं म्हणून काय झालं? पाहुण्याला आपण चहाचं एकदाच विचारतो का? नको म्हणणाऱ्याला तीनदा विचारायचं असतं, ही तर आपल्याकडची रीत. इथंच मात्र तू रीत सोडलीस.

डब्याची कुणकुण माझ्या दिराला लागली तेव्हा तो गिरणीत येऊन उभा राहिला. "वहिनी, ही बाई डबा कशापायी ठेवून राह्यली? आज पीठ देतीन, उद्या म्हनतीन आमच्यात या. मी सांगून ठेवतो, बाटवाबाटवी बिलकुल चालायची न्हाई." मी त्याला म्हटलं, गिरणी माझी आहे, डबा माझ्या फळीखाली आहे, तुम्ही तुमचं बघा. पण तो गेल्यावर माझ्याही मनात किडा वळवळलाच. संध्याकाळी तू आलीस तेव्हा सरळ विचारलं, "दया, खरं सांग. तू माझ्याकडं येतीस ती मला तुमच्यात न्यायला का?"

तुला राग येईल असं वाटलं होतं. तू बाकावर बसलीस, साडीवरचं पीठ झटकलंस.

"तुला माझा येशू भेटावा असं मला रोज वाटतं. लपवत न्हाई," तू म्हणालीस. "पन त्याच्यासाठी मी येत न्हाई. तू हाईस म्हून येते. तू जन्मभर हाय तशी राह्यलीस तरी मी इथंच येनार. दुसरी गिरनी लई जाडं दळती."

मी हसले आणि विषय संपला. माझ्या मनातला किडाही तिथंच मेला, कारण खोटं बोलणारीनं पहिलं वाक्य बोललंच नसतं. दिराचं म्हणशील तर त्याला अजूनही वाटतं, ते पीठ त्याच्या उंबऱ्याच्या आत कधी गेलं नाही. वाटू दे बिचाऱ्याला.

तुमच्या आधीच्या पाळकांशी तुझं वाजलं तेव्हा मी तिथंच होते. शहरातून नवे आलेले, उत्साही माणूस. दर महिन्याला तुमच्या घरी उपासना घ्यायला यायचे. एकदा गिरणीत डबा बघून त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, यावर वचनाचा एक छान छापील कागद लावू, म्हणजे लोकांना कळेल हे प्रेम कोणाकडून येतं. पीठ घेतानाचा एक फोटोही काढू. तू म्हणालीस, "कागद लागला की घेनारीचा हात मागं येतो, साहेब." ते म्हणाले, "मग साक्ष कशी होणार, दयाबाई? इतक्या वर्षांत तुम्ही किती जणांना प्रभूकडे आणलंत?"

"मी कोनाला आनत न्हाई. मीच जाते त्यांच्याकडं."

साहेबांनी कागदाचा विषय सोडला. माणूस मनाचा चांगला होता, पुढच्या खेपेला स्वतःच्या घरून पिशवीभर गहू घेऊन आला आणि गुपचूप डब्यात ओतून गेला. पण त्या दिवशी मी त्यांच्या बाजूची होते, हे तुला पटलं नाही. ते गेल्यावर आपली जुंपली. मी म्हटलं, "दुकान मांडायचं आन् पाटी लावायची न्हाई, हा कुठला न्याय? तुझा देव इतका चांगला हाय तर सांगत का न्हाईस?" तू म्हणालीस, विचारलं की सांगते की. आणि ते खरंच होतं. नसीमच्या अम्मीनं विचारलं तेव्हा तू दुपारभर बसून येशूच्या गोष्टी सांगितल्यास, बुद्धवाड्यातल्या बाईंशी तर तुझा वाद रंगायचा. त्या म्हणायच्या, दुःखाचं कारण तृष्णा. तू म्हणायचीस, आन् ज्याच्या घरी पीठच न्हाई त्याची कसली तृष्णा? दोघी हसायच्या आणि कोणी हरायचं नाही. नाताळात त्या तुझ्याकडे करंज्या तळायला यायच्या, त्यांच्या जयंतीला तू खिरीचं पातेलं ढवळायला जायचीस. विचारणाऱ्याला तू सांगत होतीस. मी विचारत नव्हते. आणि तू मला आपणहून विचारत नव्हतीस. आपण दोघी आपापल्या जागी अडून बसलो, म्हशीसारख्या.

एकदा मात्र मी खडा टाकून बघितला होता. तू मूठ टाकून नावं घेत होतीस. ओळीनं सगळी आली. पाटलांची सून, नसीम, अगदी माझ्या दिराचंही आलं. माझं नाही. मी म्हटलं, "काय गं, जगाची नावं घेतीस, माझं बरं इसरतीस?"

"तू नको म्हनल्ती ना. तुझ्यासमोर घेत न्हाई."

"मंग मागं घेतीस का?"

तू नुसती हसलीस आणि झाकण लावलंस. तो राग माझ्या मनात फार दिवस होता. नाव घेतलं असतंस तर राग आला असता, नाही घेतलंस म्हणूनही आला. असा माझा स्वभाव, तुला काय नवीन.

तुझे मालक गेले, प्रीती लग्न होऊन गेली, पेन्शनीत तुला जालन्याला मंडळीच्या जवळ राहता आलं असतं. तू इथंच राहिलीस. रविवारी तुझ्या घरी चार कुटुंबं जमायची, पेटी वाजायची. आधी माझ्या गिरणीच्या घरघरीत तुमचं गाणं बुडून जायचं. तू कधी तक्रार केली नाहीस. मग मीच रविवारी सकाळी ग्रीस लावायचं, झाडायचं काम काढायला लागले. लोकांना सांगायची, मशीनला आराम पाहिजे. खरं म्हणजे भिंतीपलीकडून गाणं बरं ऐकू यायचं. तुझा आवाज सगळ्यात बेसूर, तोही ओळखू यायचा.

तुला निरोप द्यायला जालन्याला टेंपो भरून आलो होतो आम्ही. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. तुमच्यात जातात, प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. पाळकसाहेब म्हणाले, ज्यांना टाकायची त्यांनी पुढं या. आमच्यातली कोणी हलेना. मग नसीमची अम्मी पुढं झाली, म्हणाली, "चलो सुमनबाई, मूठ तो रोज टाकती थी अपन." मग सगळ्याच गेलो. तुमचे आधीचे पाळक त्या दिवशी तिथं असते तर त्यांना कळलं असतं तू किती जणांना आणलंस ते. मोजायचं ठरवलं असतं तर सोपं नव्हतं, कारण आमच्यातली एकही तुमच्या मंडळीच्या वहीत नाही.

मीही नाही. हे इथं स्पष्ट लिहिते, नाहीतर तुमच्या मंडळीतली लोकं उगाच आशेनं वाचतील आणि माझा दीर उगाच भीतीनं. माझ्या देव्हाऱ्यात होते ते देव आहेत. पण कोणी पायरीवर येऊन बसलं की आता मी आधी तिच्या काखेतल्या पिशवीकडं बघते. ही नजर माझी नव्हती. माझ्या आईनं, सासूनं, कोणी शिकवली नव्हती. ती कुठून आली हे मला माहीत आहे, आणि तू ज्याचं नाव घ्यायचीस त्याच्याकडून ती तुझ्यात आली असं तू म्हणशील. म्हण. त्यावर मी भांडणार नाही.

आता राहिली ती शेवटची दुपार. ती मला प्रीतीलाही धड सांगता आली नाही. दवाखान्यातून तुला घरी आणलं होतं. तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस, त्याच भिंतीकडं जिच्या पलीकडं गिरणी आहे. प्रीती स्वयंपाकघरात पेज करत होती. मी पंख्यानं वारा घालत होते. तुला दुखत होतं, ते तुझ्या कपाळावर दिसत होतं, आणि मला काय करावं ते सुचेना. तोंडातून शब्द निघाला तेव्हा मलाच नवल वाटलं.

"दया, प्रार्थना करू का?"

तू डोळे उघडलेस.

"तुला येती?"

"न्हाई."

"मंग कर."

मला हात जोडायचे की धरायचे तेही ठाऊक नव्हतं. मी तुझा हात धरला आणि जेवढं तुझ्याकडून ऐकलं होतं तेवढंच म्हटलं. नावं. प्रीती. नसीम, नसीमची अम्मी. पाटलांची सून. बुद्धवाड्यातल्या बाई. माझा दीर, हो, त्याचंही. ती पहिली पिशवीवाली. मग तुझं घेतलं, दया. तिथं मला थांबायचं होतं. तू थांबू दिलं नाहीस. डोळे मिटलेले होते, पण हात सोडला नाहीस, आणि मला कळलं की तू अजून वाट बघते आहेस. किती वर्षं बघत होतीस, ते मी का विचारू? मीही तेवढीच वर्षं बघत होते. मग मी म्हटलं, "आन् सुमन."

तू "आमेन" म्हणालीस. इतक्या खणखणीत आवाजात की प्रीती पळी हातात घेऊन धावत आली. "काय झालं? आई, काय झालं?"

तू तिला म्हणालीस, "काय न्हाई. हिचं दळण झालं."